राक्षसाचं दार

शुक्रवारची सकाळ होती, म्हणजे इथे सौदीत आमचा सुट्टीचा दिवस. मी पोहे खात बसलो होतो आणि आतल्या खोलीतून मुलीच्या हुंदक्यांचा आवाज आला. बशी तशीच टाकून धावलो. पोरगी बारावीला, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. या वयात मुलं कसलं कसलं टेन्शन घेतात ते आपण ऐकतोच. आत जाऊन बघतो तर बाईसाहेब पलंगावर मांडी घालून बसलेल्या, समोर लॅपटॉप, कानात इयरफोन, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय झालं गं?"

"ही डाइड, पप्पा."

"अगं, कोण?"

"राक्षस."

मला आधी कळेचना. मग तिनं नाक पुसत सांगितलं. कुठलीशी जपानी कार्टून मालिका. त्यात नदीतला एक राक्षस, नावाडी बुडवून खाणारा. चाळीसएक माणसं त्यानं फस्त केलेली. शेवटी नायिकेनं त्याला भाला घालून मारला. इथवर ठीक. मग त्या नायिकेनं काय करावं? आपल्या अंगावरची शाल काढून त्याच्या प्रेतावर घातली आणि शेजारी बसून राहिली! वर त्या राक्षसाचं लहानपण दाखवलं, त्याला कुणी जवळ केलं नव्हतं वगैरे.

"अगं पण त्यानं चाळीस माणसं खाल्ली ना?"

"हो, बट ही वॉज सो लोनली, पप्पा. यू डोन्ट गेट इट."

फोन स्पीकरवर होता आणि त्यातून आणखी एक मुसमुसणं ऐकू येत होतं. ही तिची मैत्रीण, शेजारच्या बिल्डिंगमधली, तिच्याच वर्गातली. दोघी दोन घरांत बसून एकाच वेळी एकाच राक्षसासाठी रडत होत्या. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "खलनायकासाठी रडता? लाजा वाटत नाहीत? त्या चाळीस नावाड्यांच्या बायकांसाठी कोण रडणार?" असं काहीबाही मी ओरडलो. फोनमधलं मुसमुसणं एकदम बंद झालं. माझ्या मुलीनं लॅपटॉप मिटला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

माझा आवाज मोठा आहे, हे मला माहीत होतं. इथे जुबैलच्या ज्या गॅस प्लांटमध्ये मी शिफ्ट इन्चार्ज होतो तिथे लोक गमतीनं म्हणायचे की सायरन बिघडला तरी चालेल, साहेब आहेत. मला त्यात अभिमानच वाटायचा. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही, आणि चूक करणारा समोर असला की मी त्याला सोडत नाही, असं मी स्वतःबद्दल छाती पुढे काढून सांगत असे.

याला एक कारणही होतं. माझे आजोबा नाशिककडच्या एका खेड्यातले. पाणी मागायला गावच्या विहिरीवर गेले तेव्हा एका माणसानं त्यांच्या हातातला हंडा लाथेनं उडवला. ही गोष्ट वडिलांनी मला इतक्यांदा सांगितली की त्या हंड्याचा आवाज मी स्वतः ऐकलाय असं मला वाटतं. पुढे आमचं घर बौद्ध झालं. मी विहारात बसून त्रिसरण, पंचशील म्हणत वाढलो. आजही जुबैलच्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी आम्ही दार लावून हळू आवाजात वंदना म्हणतो. पण हंडा लाथाडणारा माणूस वाईट होता आणि माझे आजोबा चांगले होते, ही माझी अगदी पक्की समजूत. त्यात ज्याला शंका आहे त्याच्याशी माझं भांडण. त्यामुळे राक्षसावर शाल घालणं हा मला माझ्या आजोबांचा अपमानच वाटला.

आमच्याकडे एक जपानी इंजिनियर होते. आमच्या प्लांटचं तंत्रज्ञान ज्या कंपनीचं, तिच्यातर्फे आलेले. साठीच्या पुढचे, काटकुळे, खिशात कायम छोटी वही. जपानी लोक नावापुढे 'सान' लावतात. आमच्या लोकांना त्यांचं नाव काही केल्या उच्चारता येईना, म्हणून नाव गळलं आणि नुसतं 'सान' उरलं. त्यांनाही ते चालत होतं. शनिवारी कामावर गेल्या गेल्या मी त्यांना गाठलं.

"सान, तुमच्या लोकांनी आमची पोरं बिघडवली. राक्षसासाठी रडतात!"

ते हसले. त्यांचं इंग्रजी मोजकं, माझंही काही फार थोर नाही, त्यामुळे आमचं बोलणं नेहमी मुद्द्याचं व्हायचं. त्यांनी ड्रॉवरमधून एक पुडी काढली. बघतो तर आपले फुटाणे, भारतीय दुकानातले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जपानात म्हणे भाजलेले सोयाबीन घरभर उधळतात आणि 'राक्षस बाहेर, भाग्य आत' असं ओरडतात. इथे भाजलेले सोयाबीन मिळाले नाहीत म्हणून सानांनी फुटाण्यांवर भागवलं होतं. मला हे ऐकून बरं वाटलं. चला, तुमच्यातही राक्षसाला हाकलतात तर, मी म्हणालो.

"हो. पण आमच्या गावच्या देवळात वेगळं म्हणतात," ते म्हणाले. "भाग्य आत. राक्षसही आत."

मी फुटाणे खायचा थांबलो. "राक्षसाला घरात घेता?"

"सगळ्यांनी बाहेर काढला तर तो जाणार कुठे?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं.

मग त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली. समुद्राकाठच्या एका गावात दर थंडीत राक्षस यायचा आणि होड्या फोडायचा. माणसंही मरायची. गावानं एका बौद्ध भिक्षूला बोलावलं, म्हणाले, मंत्र घाला आणि याला मारा. भिक्षू राक्षसाच्या गुहेत तीन दिवस राहिला. परत आला आणि गावकऱ्यांनाच विचारू लागला की याचं दार कुणी नेलं? तेव्हा एक म्हातारा खाली मान घालून म्हणाला, माझ्या बापानं. गुहेला चांगल्या लाकडाचं दार होतं, त्याची आम्ही होडी केली. मग गावानं नवीन दार करून दिलं. राक्षसाला थंडी वाजायची थांबली आणि तो यायचाही थांबला.

"झालं?" मी म्हणालो. "आणि जे मेले त्यांचं काय?"

सानांनी फुटाण्यांची पुडी मिटली. मग म्हणाले, "ते मेले. त्याचं उत्तर गोष्टीत नाही."

मी त्यांना आजोबांच्या हंड्याची गोष्ट सांगितली. सांगताना माझा आवाज चढलाच. त्या माणसाचंही दार कुणी नेलं होतं का, ते मी शोधत बसू? त्याच्यासाठीही रडू? सानांनी हात जोडले. रडू नका, म्हणाले. माफही करू नका, ते काम तुमच्या आजोबांचं. पण का, एवढं विचारा. एक माणूस वाईट म्हणून सोडून दिलात तर तो जाईल आणि त्याच जागी दुसरा उभा राहील, तसाच लाथ मारायला. वर आणखी म्हणाले, त्यांच्याकडे असं मानतात की एकाच मनात तळाला नरक आणि वर बुद्ध, सगळं असतं. नरकातल्या माणसात बुद्ध असतो आणि बुद्धातही नरक असतो.

"बुद्धात नरक? सान, हे माझ्या आईसमोर बोलू नका, जेवायला वाढणार नाही तुम्हाला." मी हसून वेळ मारून नेली, पण आतून हादरलो होतो. माझा बुद्ध स्वच्छ होता. मला तो तसाच हवा होता.

पुढच्याच मंगळवारी ते घडलं.

आमच्या शिफ्टला एक फील्ड ऑपरेटर होते, रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. मीही म्हणायचो. बावीस वर्षं इथे काढलेली. फोनवर राक्षसासाठी रडणारी ती मैत्रीण त्यांचीच धाकटी मुलगी. मंगळवारी सकाळी एका पंपाची जाळी साफ करायची होती. त्यासाठी काकांनी पंप रिकामा केला, म्हणजे त्याच्या खालचा ड्रेन व्हॉल्व उघडा ठेवला. असा व्हॉल्व उघडा असला की त्यावर लाल टॅग लटकवायचा, हा नियम. म्हणजे पुढच्या माणसाला दुरूनही कळतं की इथे काहीतरी अर्धवट आहे, हात लावू नको. मधेच मी काकांना दुसऱ्या टोकाच्या कामावर पिटाळलं. त्यांच्यामागे दुसऱ्यांनी जाळी बसवली. दुपारी दुसऱ्या ऑपरेटरनं पंप चालू करायला टाकीकडची लाईन उघडली. खालचा ड्रेन उघडाच होता आणि त्यावर टॅग नव्हता.

मी कंट्रोल रूममध्ये होतो. पडद्यावर एक लाल ठिपका आला, मग तीन, मग मोजता येईनात. खिडकीतून बघितलं तर पंपापासून पांढरं धुकं जमिनीलगत सरकत येत होतं. ते धुकं म्हणजे गॅस. वीस पावलांवर वेल्डिंगवाले काम करत होते. त्यांनी नुकतीच मशीन बंद केली होती, चहाला. नुकतीच म्हणजे दोन-तीन मिनिटांपूर्वी. एक ठिणगी उडाली असती तर त्यांची हाडं वेचायलाही कुणी उरलं नसतं, मीसुद्धा नाही. सगळं बंद केलं, माणसं पळवली, पाण्याचे फवारे सोडले. अर्ध्या तासानं धुकं विरलं. मी चक्क जमिनीवर बसलो.

त्या भीतीचा मग राग झाला. काका समोर आले तसा मी सुटलो. पन्नास माणसांसमोर. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. "बावीस वर्षं काय हजामती केल्या?" हे त्यातलं सौम्य. काका मान खाली घालून उभे होते. एवढंच म्हणाले, "माझीच चूक साहेब. टॅग लावायचा राहिला."

त्याच संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला. कारण एका ओळीत: ऑपरेटरचा निष्काळजीपणा, नियम माहीत असूनही टॅग लावला नाही. वर लिहिलं की अशा माणसाला प्लांटमध्ये ठेवणं धोक्याचं आहे. खरं सांगतो, लिहून हलकं वाटलं. दोषी सापडला होता, त्यानं कबूलही केलं होतं, आता आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी वरून निर्णय आला: फायनल एक्झिट. म्हणजे इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द आणि दोन आठवड्यांत सामान बांधून देश सोडायचा. बापाचा इकामा गेला की बायकोमुलांचाही जातो. आणि मुलीची बारावीची परीक्षा आठ दिवसांवर, महिनाभर चालणारी, केंद्र इथलं. म्हणजे पहिले एक-दोन पेपर देऊन तिला जावं लागणार होतं. वर्ष बुडालं.

घरी आलो तर माझी मुलगी हॉलमध्ये उभी होती. तिला कळलं होतं. मी आरडाओरडा अपेक्षिला होता, शेवटी माझीच पोर. ती ओरडली नाही. तिनं मराठीत विचारलं, एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलणाऱ्या मुलीनं. "पप्पा, काकांनी टॅग का नाही लावला?"

"विसरले. नाहीतर आळस."

"असं ते म्हणाले?"

"म्हणायला कशाला हवं? दिसतंय ना!"

ती आत निघून गेली. बायकोनं माझ्यापुढे ताट ठेवलं आणि तीही आत गेली. मी एकटा जेवलो. माझं काही चुकलंय असं मला तेव्हाही वाटलं नाही, हे इथे कबूल केलं पाहिजे.

गुरुवारी सानांची बैठक होती. अपघात झाला की त्यांच्या कंपनीची एक पद्धत असते. फळ्यावर घटना लिहायची आणि खाली 'का' विचारायचं. उत्तर आलं की त्या उत्तरालाही 'का'. असं किमान पाचदा. एक अट: कुठल्याही उत्तरात माणूस लिहायचा नाही. 'अमका निष्काळजी' हे उत्तर चालत नाही. माझा रिपोर्ट हातात घेऊन सान म्हणाले, "इथे कारण नाही, फक्त माणूस आहे." मला ते झोंबलं. बैठकीला प्लांटचे मोठे मॅनेजर होते, मी होतो, आणि काका. काका खुर्चीच्या कडेवर बसले होते, उठायला सांगितलं तर पटकन उठता यावं असे.

गॅस का सुटला? ड्रेन उघडा होता. उघडा असताना लाईन का उघडली? उघडा आहे हे कळलं नाही. का कळलं नाही? टॅग नव्हता. टॅग का नव्हता?

काका खुर्चीच्या आणखी कडेला सरकले. सानांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू आवाजात. काका म्हणाले, "माझ्याकडे टॅग नव्हता."

"मग आणायचा ना!" मी उसळलो. सानांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. मी थांबलो.

"टॅगचा खोका कुठे असतो?" त्यांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि टेबलाकडे बघू लागले. सान उठले. म्हणाले, चला, खोका बघू. आम्ही चौघं बाहेर आलो. ऑपरेटरांच्या खोलीत ज्या फळीवर खोका असायचा तिथे हेल्मेटं ठेवलेली होती. सानांनी तिथल्या एका ऑपरेटरला विचारलं. तो अवघडला, आणि त्यानं बोट दाखवलं ते माझ्या केबिनकडे.

तेव्हा मला आठवलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते काय असतं ते त्या दहा पावलांत कळलं. मी किल्ली काढली, माझा ड्रॉवर उघडला. आत लाल टॅगचा खोका होता, जवळजवळ भरलेला.

महिन्यापूर्वी वरचे काही बडे लोक प्लांट बघायला येणार होते. मी फेरी मारली तर जिकडेतिकडे लाल टॅग. आपल्या युनिटमध्ये काहीच धड चालत नाही असं त्यांना वाटेल, म्हणून माझा पारा चढला. नेमके काका एका व्हॉल्वला टॅग बांधत होते. मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं: "हा प्लांट आहे की लग्नाचा मांडव? किती तोरणं लावाल!" लोक हसले होते. मी खोका उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि फर्मान काढलं की यापुढे ज्याला टॅग पाहिजे त्यानं माझ्याकडून मागून न्यायचा. त्यानंतर महिनाभर एकही माणूस टॅग मागायला आला नाही. एकही! आणि मला त्याचं काय वाटावं? मी महिन्याच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं की आमच्या शिफ्टमध्ये टॅगची संख्या खूप कमी झाली, कामात शिस्त आली. टाळ्या पडल्या होत्या. नंतर मी ते साफ विसरलो. काका विसरले म्हणून मी रिपोर्ट लिहिला, आणि खरा विसरलेला मी होतो.

परत येऊन सानांनी फळ्यावर शेवटचं उत्तर लिहिलं: टॅग मागायची भीती वाटत होती. माझं नाव नाही, हुद्दाही नाही. ते त्यांच्या पद्धतीत बसत नव्हतं. पण मला ते नाव लिहिल्यापेक्षा जास्त लागलं. मी लहानपणापासून म्हणत आलोय की दुःखाला कारण असतं. हजारदा म्हटलं असेन, डोळे मिटून. आणि कारण शोधायची वेळ आली तेव्हा मी एक माणूस पकडून मोकळा झालो होतो. आजोबांच्या बाजूला उभा आहे म्हणता म्हणता मी विहिरीच्या दुसऱ्या काठावर कधी गेलो?

सान आणि काका बाहेर गेल्यावर मी मॅनेजरना म्हणालो, माझा रिपोर्ट मागे घेतो, दुसरा लिहितो. ते वैतागले. "कशाला? त्यानं कबूल केलंय. खलास. तू तुझं करिअर का खराब करतोस?" क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. नवा रिपोर्ट म्हणजे माझ्या नावावर ठपका. माझाही इकामा होता, माझ्याही मुलीची परीक्षा होती. मी केबिनमध्ये जाऊन तासभर बसलो. काका चांगले म्हणून वाचवायचं होतं का? तसंही नव्हतं, त्यांनी टॅग नसताना काम पुढे नेलं ही चूक होतीच. पण ती का झाली हे मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असताना गप्प बसणं म्हणजे शुद्धीवर राहून लाथ मारणं होतं. मी लिहिलं. खोका, ड्रॉवर, मांडव, टाळ्या, सगळं लिहिलं. सानांनी खाली सही केली आणि माझ्यापुढे कमरेत वाकले. मला रडू आलं. मी चिडून त्यांना म्हणालो, "वाकू नका हो!"

काकांची एक्झिट रद्द झाली, त्यांना लेखी ताकीद मिळाली. माझं शिफ्ट इन्चार्जपद गेलं. आता मी ऑफिसात बसून प्लांटमधल्या कामांच्या परमिटचे कागद तपासतो. हाताखाली कुणी नाही, म्हणजे ओरडायलाही कुणी नाही. दोन्ही मुलींनी सगळे पेपर दिले.

शेवटच्या पेपरच्या दिवशी मी केंद्राबाहेर गाडी लावून उभा होतो. काकाही त्यांच्या मुलीला न्यायला आले होते. रिपोर्टनंतर आमची गाठ पडली नव्हती. ते मला बघून दुसऱ्या रस्त्यानं जायचे, आणि मला वाटायचं, संकोच असेल. मी पुढे झालो. महिनाभर मनात घोळवलेलं बोललो, हात जोडून. माझं चुकलं, काका. पन्नास माणसांसमोर बोललो, तेव्हा पन्नास माणसांसमोर माफी मागायलाही तयार आहे. मला खात्री होती की ते माझे हात धरतील, जाऊ द्या साहेब म्हणतील. इतका सज्जन माणूस, दुसरं काय म्हणणार?

ते म्हणाले, "साहेब, एक सांगू? रागवू नका."

"नाही हो, रागवत नाही."

"हेच बघा. साधं बोलायचं तरी मला आधी हे विचारावं लागतं."

मी जोडलेले हात सोडले. त्यांचा आवाज कापत होता, पण ते थांबले नाहीत. "तुम्ही खरं लिवलंत, माझं घर वाचलं, ते मी जन्मात इसरणार नाय. पण माफ केलं असं तोंडदेखलं नाय म्हणत. सहा वर्षं साहेब. सकाळी बस प्लांटच्या गेटात शिरली की माझ्या पोटात गोळा यायचा. तुम्ही आता तिथं नाय, तरी अजून येतो. तुम्ही वाईट हाय असं मी नाय म्हणत. पण तो गोळा काय माझं ऐकत नाय."

मी त्यांना मधे तोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"तो गेला," काका म्हणाले, "की मीच तुम्हाला घरी चहाला बोलवीन. तोवर येऊ नका."

मुली बाहेर आल्या. एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, पेपर सोपा गेला होता. काका मुलीला घेऊन गेले.

त्याला आता दहा महिने झाले. आमच्या दोघांच्या खिडक्या समोरासमोर आहेत, त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा मला रोज संध्याकाळी दिसतो. अजून बोलावणं आलेलं नाही.